सासऱ्याची बंदूक नोंदवायला गेलो तवा

माझं नाव सोनी, पन त्या नावानं हाक मारनारं आता कोन उरलं नाय, सगळी आजीच बोलतात. माहेर माझं सूर्या नदीच्या अंगाला, डोंगरात, आनि लगीन करून दिलं ते हितं, उमरोळीपासून आत, या पाड्यावर. पाडा म्हंजे काय, तवा मोजकीच घरं, कुडाची, वर पेंढा, आनि मागं लगेच जंगल सुरू. आमची जमीन थोडी, पावसाच्या पान्यावरची, भात नि वरी पिकायची, ते काढून झालं की बाप्ये जायचे मजुरीला, कोन मिठागरावर, कोन वीटभट्टीवर. सन तेवढं विचारू नका, मला नाय सांगता येत. पन तारापूरला समुद्राच्या कडेला ते सरकारचं मोठं काम सुरू झालं होतं, वीज करायचं, आमचा नवरा तिथं दगड उचलायला जायचा, तिथंच ऱ्हायचा, कधी आठवड्यानं यायचा कधी त्याच्याहून जास्त, त्या टायमाची ही गोष्ट.

घरात बंदूक होती ती सासऱ्याची. ठासणीची, लांब नळीची, त्याच्या बापापासून आलेली. नळीत दारू घालायची, छरे घालायचे, चिंध्या घालून गजानं ठासायचं, आनि मागं घोड्याखाली बारकी तांब्याची टोपी बसवायची, घोडा त्या टोपीवर पडला की बार उडायचा. डुकरं यायची ना भातात, कळपानं, रात्रीत शेत लोळवून टाकायची. सासरा शेतातल्या माळ्यावर बसायचा राखायला. माणूस लई मायाळू होता, मला सून म्हनून कधी बोलला नाय, पोरी पोरी करायचा. त्याला ताप भरला एकाएकी, भात निसवलं होतं, लोंब्या आल्या होत्या तवा, आनि त्या तापात गेला तो. कार्य झालं, पाऊस सरला, पुढचं वरीस आलं. बंदूक चुलीवरच्या माळ्याला टांगलेली होती ती तशीच टांगलेली, धुरात. सासू तिला हात लावून देत नव्हती कोनाला. नवऱ्याला पन नाय.

मंग दवंडी आली. तिकडं बोईसरच्या बाजूला एका शेटजीच्या वखारीवर दरोडा पडला होता, बंदूक चालली त्यात, वखारीचा राखनदार मेला. त्याच्यानंतर लगेच हुकूम निघाला की ज्याच्या घरात बंदूक असंल त्यानं ती पालघरच्या ठाण्यात घेऊन यायची, साहेबाला दाखवायची, नाव लिहून घ्यायचं. मुदत दिली होती. मुदतीनंतर कोनाच्या घरात सापडली तर कैद. पोलीस पाटील स्वता उभा ऱ्हाऊन सांगून गेला, आनि जाताना आमच्या दाराकडं बघून गेला. नुसता बघितला. माझ्या पोटात पोर होतं तवा, पयलंच.

काय सांगू तुमाला, त्या दिवसापासून घरात भाकर गोड लागंना. मी सासूला बोलले आये, आपली बंदूक. ती बोलली कुठली बंदूक, आपल्याकडं नाय बंदूक. मी वर बघितलं, ती पन वर बघितली, बंदूक तिथं टांगलेली, आनि ती बोलते नाय. मंग म्हनाली जमिनीत पुरू. मी म्हटलं पाड्यावर सगळ्यांना ठाव हाय, सासऱ्यानं मारलेल्या डुकराचा वाटा सगळ्यांनी खाल्लाय, कोनी मार पडल्यावर सांगनार नाय का?

सातपाटीची एक कोळीण यायची आमच्याकडं, सुका बोंबील घेऊन, भात घेऊन जायची त्याच्या बदली. ती ओटीवर बसली नि सांगाया लागली, अगो बाये, बोईसरच्या अंगाला घरांची झडती घेतायत, कौलं काढून बघतात, एकाकडं बंदूक गावली तर त्याला कामावरनं उचलला, बायको मागं रडत धावली, ठाण्याच्या दारात बसलीय ती अजून. मी इचारलं, आनि जे आपनहून घेऊन जातात त्यांचं काय करतात? ती बोलली, ते कोनी बघितलंय, आत गेलेला दिसतो, भाईर आलेला मी नाय बघितला. आनि ती बोंबील मोजत ऱ्हायली.

कामावरनं उचलला, हे माझ्या डोक्यात बसलं. आमच्या माणसाला तिकडं ठाव पन नाय की हिकडं दवंडी पडली, आनि त्याला तिथनं दगडाच्या ढिगावरनं उचलतील. त्याला निरोप पाठवावा तर कोनाबरोबर, आनि तो येईपर्यंत मुदत संपायची. मी पोलीस पाटलाकडं गेले, म्हटलं पाटील, तुमी चला बरोबर. तो बोलला, नवऱ्याला घेऊन जा. म्हटलं तो तारापूरला हाय. तर बोलला, मंग मला त्यात ओढू नको. दार लावून घेतलं त्यानं. तो पन भ्यालेलाच होता, आता कळतं.

मंग मीच बोलले, आये, मी घेऊन जाते. बाईमाणसाला काय करतील, पोट बघून तरी सोडतील. सासू उठली, लुगडं नीट केलं, म्हनाली तू एकटी नाय जायची.

आता बघा, बंदूक न्यायची कशी? नोंदवायला न्यायची तर रस्त्यानंच न्यायला पायजे, आनि रस्त्यात कोनी धरलं तर सांगायचं काय, बिननोंदीची बंदूक घेऊन फिरतायत म्हनूनच बोलनार ना? उमरोळीला जाऊन आगगाडीत बसता आलं असतं, पन तिथं माणसं, तिथं तिकीटवाला. म्हनून चालतच निघालो, सकाळी, लाकडाची मोळी बांधली आनि मोळीच्या मधी बंदूक घातली, वरनं पाला. मोळी माझ्या डोक्यावर. सासू पुढं, मी मागं. पायवाट बारकी, दोघी शेजारी चालायला जागाच नाय. बंदुकीची नळी मोळीत पुढच्या बाजूला होती, आनि मोळी पुढं कललेली. एवढं ध्यानात ठेवा तुमी.

वाटेत झाडाचं पान हाललं तरी मी थांबायची. सासू मागं वळून बोलायची, चल गं, थांबू नको, थांबलीस की माणूस संशय घेतं. आनि हे बोलायला ती पन थांबायची.

पालघरच्या अलीकडं, वाट सडकेला लागते तिथं, फॉरेस्टचा गार्ड उभा. लाकडं बघायला उभा असायचा तो, जंगलातली ओली लाकडं तोडली काय म्हनून. आमाला हे सुचलंच नव्हतं बघा! बंदूक लपवायची म्हनून लाकडं घेतली आनि लाकडं बघनाराच पुढं आला. तो बोलला, ए, मोळी उतरव. सासू म्हनाली, सुकी लाकडं हायत दादा, पोरगी पोटुशी हाय, जाऊ द्या. तो म्हनाला, उतरव म्हटलं ना. मी उतरवली. खाली टेकवताना मोळी दगडावर आपटली, खन्न करून आवाज आला लोखंडाचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. पाल्यात हात घालाया लागला. कशी बोलले देव जाने, बोलले साहेब, आत बंदूक हाय, नोंदवायला चाललोय ठाण्यात.

तो झटक्यानं मागं सरला, जसा साप बघितला. मंग दोन बायाच हायत बघून धीर आला त्याला. बंदूक ओढून काढली, खांद्यावर टाकली, म्हनाला चला, मी नेतो तुमाला नोंदवायला, चोरट्या कुठल्या. आनि पालघरच्या बाजारातनं आमाला पुढं घालून नेलं त्यानं. लोक दुकानातनं भाईर येऊन बघत होते. एक जन ओरडून विचारला, काय झालं, दरोड्यातल्या का?

ठाण्यात गेल्यावर गार्डानं सांगितलं, पकडून आनल्या, लाकडात लपवून नेत होत्या बंदूक. झालं, मी मनात म्हटलं, संपलं आता, पोर तुरुंगात होनार माझं. तिथं एक म्हातारा हवालदार होता, मिश्या पांढऱ्या. तो विचारला, कुठं चालला होता? तवा सासू पुढं झाली, जी घरात बंदूक नाय म्हनत होती ती, म्हनाली, साहेब, लपवायची असती तर आमच्या मागं एवढा डोंगर हाय, तुमच्या दारात कशाला आनली असती? हुकूम तुमचाच हाय ना, घेऊन या म्हनून? आनली. उघडी आनली असती तर गावानं दगड मारले असते आमाला.

हवालदार गार्डाकडं बघितला. पालघरकडं येत होत्या की पालघरकडनं जात होत्या, असं विचारलं त्याला. गार्ड बोलला, येत होत्या. हवालदार हुं म्हनाला, बंदूक मागितली. गार्ड ती खांद्यावरनं उतरवून टेबलावर आपटनार, तेवढ्यात हवालदार ओरडला, हळू! अंगठ्यानं घोडा जरा उचलला त्यानं, खाली वाकून बघितला, आनि त्याचं तोंड एकदम बदललं. गज घेतला, नळीत सोडला. गज पुरता आत जाईना, वरच अडला. तो हळूच बोलला, बाई, ही भरलेली हाय. टोपी पन चढवलेली हाय.

गार्ड तिथंच भिंतीला धरून खाली बसला, बाजारभर खांद्यावर मिरवली होती ना त्यानं. आनि मला आठवलं, मोळी, नळी पुढं, आनि नळीच्या पुढं सासूची पाठ. सबंध वाट. वर ती मोळी दगडावर आपटलेली.

पन भीती तिथं संपली नाय, तिथनं खरी सुरू झाली. आतनं फौजदार भाईर आला, तरना होता, तो म्हनाला, भरून ठेवलेली बंदूक? कोनाला मारायला भरली? मालक कुठं हाय? नाव काय त्याचं? नवऱ्याचं नाव मी कसं घेनार, तवा घेत नव्हते, मी खाली मान घातली, त्याला वाटलं लपवतेय. तो आवाज चढवून बोलला, नाव! सासूनं सांगितलं, काळू, माझा मुलगा, तारापूरला दगड उचलतो, त्यानं हात पन लावलेला नाय हिला. फौजदार बोलला, मंग भरली कोनी, भुतानं?

सासू बोलली, माझ्या घोवानं भरली.

असं बोलली आनि ती एकदम थांबली. तिलाही तवाच कळलं होतं ते. मंग हळूहळू बोलली, डुकरं राखायला भरली असंल साहेब, माळ्यावरनं ताप घेऊन घरी आला, बंदूक टांगली नि आडवा झाला, परत उठला नाय. आमाला काय ठाव आत काय हाय ते. मी कोनाला हात लावून दिला नाय, त्याच्या हातानं टांगलेली म्हनून. फौजदार बंदुकीकडं वळला मंग. हवालदार म्हनाला, साहेब, गंज बघा, जुना बार हाय हा.

ठाण्याच्या मागं मोकळी जागा होती, तिथं झाडाच्या बुंध्याला बंदूक बांधली, चापाला लांब सुतळी बांधली, सगळे भिंतीच्या आड, आनि हवालदारानं सुतळी ओढली. मला वाटलं नाय उडनार, एवढ्या दिवसांची दारू. पन चुलीवरच्या धुरात कोरडी ऱ्हायली होती ती. असा बार उडाला की कावळे उठले सगळे, माझं पोर पोटात फिरलं. आनि सासू खाली बसली नि तोंडावर पदर घेऊन रडाया लागली. सासरा गेला तवा ती रडली नव्हती, खरं सांगते, कोरडीच होती, बाया नावं ठेवत होत्या तिला. ती त्या दिवशी रडली, ठाण्याच्या मागं, पोलिसांच्या देखत, म्हनत होती, त्यानं भरलेलं सगळं गेलं गं पोरी, सगळं गेलं. हवालदारानं डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. पोलीस असं करतो हे मी तवाच बघितलं.

अंगठे घेतले आमचे. कशावर घेतले ते कळलं नाय, शाई पुसताना वाटलं झाली कैद. पन हवालदार म्हनाला, जा घरी, बंदूक हितं जमा ऱ्हाईल, मुलाला पाठवून द्या, त्याच्या नावानं परवाना होईल पिकं राखायला. तरी सडकेला लागेपर्यंत मी मागं बघत होते, कोन बोलवतंय काय म्हनून.

अर्ध्या वाटेवर नवरा धावत येताना दिसला. त्याला कामावर पालघरहून आलेल्या कोनीतरी सांगितलं होतं की तुझ्या आईला नि बायकोला बंदुकीसकट धरलं, तो तारापूरहून बोईसरच्या वाटेनं तसाच पळत आला होता, अंगावर सगळी दगडाची भुकटी. मी सगळं सांगितलं त्याला, मोळी कशी धरली होती ते पन. आईला वळवलं त्यानं आनि तिच्या पाठीवरनं हात फिरवला, पुन्हा पुन्हा, जसं काय तिथं भोक पडलंय का बघतोय.

पुढं परवाना झाला त्याच्या नावानं, बंदूक परत आली, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची नि परत आनायची, असं वरसांनुवरसं चाललं. सासू गेली, नवरा गेला, पोरांनी बंदूक कायमची जमा करून टाकली, मी काय बोलले नाय. पन खाकी कपडा बघितला की अजून मी दाराआड होते, टपालवाला आला तरी.

मागं नातीनं कोळगावला नेलं मला, जिल्ह्याचं मोठं हापिस झालंय तिथं, पगाराच्या कागदासाठी, म्हातारीला सरकार देतं ना. दारात पोलीस उभा, मी पायरीवरच थांबले. ती पोरगी होती हो, पोलीस, आमच्याच बाजूची वाटली बोलन्यावरनं. ती म्हनाली, आजी या, बसा, आनि स्वताची खुर्ची दिली मला. मी बसले. पन पाठ नाय टेकवली खुर्चीला, उठेपर्यंत. नात हसली. हसू दे. तिला कशाला ते ठाव असायला पायजे? तिची पोरं पन अशीच हसू देत पोलिसाला बघून. तुमचं पन भलं होऊ दे, बाबा. निघा आता, पुढची वाट खराब हाय.