सरावासाठी हात

सर: काढून टाक म्हणतोय ना. सगळेच्या सगळे फोटो.

चिमणी: आपल्या कॉलेजच्या साइटवरून काढीन हो, मीच सांभाळते ती. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतले, त्यांच्याकडून कसे काढू? कोणीही घ्यावेत, हवे तसे बदलावेत, मूळ कोणाचं तेवढं लिहावं, असं तुम्हीच सही करून दिलंत, सर.

सर: चित्रकला शिकायला दिले होते. माझ्या बायकोच्या हातांवर सुरकुत्या काढायला नाही.

चिमणी: तुम्हाला कोणी सांगितलं?

सर: तुमच्या शिपायाने. “सर, काकूंना म्हातारं केलंय हो कोणीतरी.” वर दात काढत होता.

चिमणी: तुम्ही स्वतः पाहिलंत?

सर: कशाला पाहू? पोरांना मॉडेल परवडत नाही म्हणून ती बिचारी हात धरून तासन्‌तास बसायची. सुई धर, कप धर, मूठ वळ. चेहरा मात्र घ्यायचा नाही, का, तर केस विस्कटलेत. पुढच्याच वर्षी गेली. तिचा एक धड फोटो नाही माझ्याकडे. हात तेवढे उरलेत, त्यांचंही आता हे.

चिमणी: दुसऱ्या एका कॉलेजातल्या बाईंनी धडा केलाय, वय वाढलं की हात कसा बदलतो त्याचा. पोरांनी तेच हात सत्तरीतले रंगवलेत. खाली काकूंचं नावही आहे. एकदा बघा. मग म्हणाल तर मी स्वतः त्यांना फोन करते.

सर: दाखव.

(चिमणी स्क्रीन सरांकडे वळवते. सर चष्मा लावून पुढे वाकतात.)

सर: नखं चुकलीत. या वयात नखांवर उभ्या रेघा येतात.

चिमणी: कळवते त्यांना.

सर: करंगळी मात्र वाकडीच ठेवलीय. लहानपणी दारात चेमटली होती तिची. मोठं कर जरा. हं. या शिरा बघ. तिच्या आईच्या हातांवर अश्शाच होत्या. पोरांना कुठून कळलं?

चिमणी: तुमच्याच फोटोत आहेत की त्या, पुसटशा.

सर: मला नाही दिसल्या कधी. इतकी वर्षं वर्गात लावत आलो हे फोटो. दर वर्षी माझा हात म्हातारा होत गेला आणि तिचा होता तसाच राहिला. शेवटी शेवटी खडू घेऊन शेजारी उभं राहायची लाज वाटायची, चिमणे. बाप दिसायचो तिचा.

चिमणी: सर, पाणी देऊ?

सर: नको. फार आठवण येते गं, एवढंच.

चिमणी: मग काय करू? काढायला सांगू त्यांना?

सर: थांब.

चिमणी: स्क्रीनवर असा हात टेकवलात तर चित्र दिसणार कसं?

सर: दिसतंय. बघ, आता शोभतोय मी तिला.