गाळलेली साडेतीन पानं

मुलगी : चष्मा सापडत नाही ही सबब तिसऱ्यांदा झाली, बाबा. वाचणार मी, टाइप करणार मी. तुम्ही नुसतं बोलायचं.

वडील : तब्येत बरी नाही म्हणून कळवून टाक.

मुलगी : सकाळी बागेला दोन फेऱ्या मारून आलेल्या माणसाची तब्येत? त्या बाईंची ईमेल येऊन सोळा दिवस झाले. काय वाटत असेल त्यांना?

वडील : काय लिहिलंय म्हणालीस?

मुलगी : तुम्हाला पाठ झालंय एव्हाना. तरी वाचते. 'तुम्ही माझ्या आईच्या आठवणींचं पुस्तक जपानीतून इंग्रजीत आणलंत. मला तिसऱ्या वर्षी मावशीनं परदेशी नेलं. जपानी मला येत नाही. आईला मी ओळखते ती फक्त तुमच्या पुस्तकातून. ते दोनदा वाचलं. त्यात आईच्या शेळीवर अख्खं प्रकरण आहे, माझ्यावर एक ओळ नाही. मूळ पुस्तकाच्या दीडशेच प्रती निघाल्या होत्या, त्यातली एकही मला मिळाली नाही. दोन्ही पुस्तकं वाचलेले माझ्या माहितीत तुम्ही एकटेच. आईनं खरंच माझ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं का?'

वडील : हं.

मुलगी : हं काय? हो की नाही, एवढंच तर विचारलंय. 'नाही, नव्हतं लिहिलं, वाईट वाटतं.' दोन मिनिटांचं काम.

वडील : तसं लिहू नकोस.

मुलगी : मग कसं लिहू?

वडील : तू आधी दार लाव.

मुलगी : घरात आपण दोघंच आहोत, बाबा.

वडील : असू दे. लाव.

(ती दार लावून परत येऊन बसते.)

वडील : लिहिलं होतं. साडेतीन पानं.

मुलगी : शेळीच्या प्रकरणात?

वडील : त्याच्या आधी. मी ती गाळली.

मुलगी : प्रकाशकानं गाळायला लावली असतील.

वडील : त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही. आपल्या गावात जपानी येणारा मी एकटा. वासरांत लंगडी गाय शहाणी. तपासणार कोण?

मुलगी : पण का?

वडील : समजली नाहीत म्हणून. बाकी सगळं पुस्तक लेखिकाबाईंनी शाळेतल्या भाषेत लिहिलंय, स्वच्छ. ती पानं मात्र त्यांच्या बेटावरच्या बोलीत. शब्दकोशात निम्मे शब्द नाहीत. मला वाटलं, बडबडगीत असेल एखादं. आधीचं वाक्य आणि पुढचं वाक्य असं जुळवलं की सांधा दिसू नये.

मुलगी : विचारायचं ना कुणाला तरी.

वडील : कुणाला? मी शिकलो बंदरातल्या गोदामात, जपानी मालाच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. मग शिलाई मशीनचं माहितीपत्रक, मग जुनी मासिकं. इंग्रजीसुद्धा वर्तमानपत्रातून उचललेली. जपानीत आई लेकराशी कशी बोलते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं गं.

मुलगी : बाईंना पत्र टाकायचं. तेव्हा त्या होत्या ना?

वडील : होत्या. लाज वाटली. मी त्यांना लिहून बसलो होतो की तुमची भाषा मला आईच्या भाषेसारखी येते.

मुलगी : असं लिहिलंत?

वडील : पस्तिशीतला माणूस, दिवसभर माल मोजणारा कारकून. कुणी आपल्याला विद्वान म्हणावं असं वाटायचं. लिहिलं.

मुलगी : बरं. नाही समजलं, राहून गेलं. चूक झाली. सव्वीस वर्षं झाली त्याला. एवढं तोंड लपवण्यासारखं काय आहे त्यात?

वडील : एवढंच असतं तर पहिल्या दिवशीच लिहिलं असतं तिला.

मुलगी : अजून काय आहे?

वडील : पुस्तक निघाल्यावर दोन वर्षांनी बंदरात एक बोट इंजिन बिघडून अकरा दिवस अडकली. तिच्यावरचा आचारी नेमका त्या बेटाचा. मी मूळ पुस्तक घेऊन गेलो. त्यानं बटाटे सोलता सोलता वाचायला सुरुवात केली, आणि मग सोलायचंच थांबला. म्हणाला, माझी आई असंच बोलायची. एकेक ओळ समजावून दिली मला. त्याच आठवड्यात मी ती पानं इंग्रजीत केली.

मुलगी : केली? कुठायत ती?

वडील : कपाटात. विजेच्या जुन्या बिलांच्या फायलीत.

मुलगी : चोवीस वर्षं?

वडील : पुस्तकाला तोवर बक्षीस मिळालं होतं. वर्तमानपत्रात आलं होतं, शब्दन् शब्द प्रामाणिक म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू, साडेतीन पानं राहिली? म्हटलं, पुढच्या आवृत्तीत घालू. गुपचूप. तेव्हा आवृत्ती काही निघाली नाही, आणि मला बरंच वाटलं.

मुलगी : बाबा, मी लहानपणी तुमच्यासमोर जपानी शब्द लिहिलेले पत्ते धरून बसायचे. आई म्हणायची, पोरीला खेळू दे. मी जायची नाही. शाळेत सांगत फिरायचे, आमचे बाबा एक शब्द सोडत नाहीत. कामावर, दवाखान्यात अजून सांगते. परवाच नव्या डॉक्टरीणबाईंना पुस्तक दिलं.

वडील : माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाहीये.

मुलगी : काय आहे त्या पानांत?

वडील : ती पोर बर्फाच्या कारखान्याच्या भोंग्याला भ्यायची. भोंगा झाला की बाई तिचे कान दाबून धरायच्या, आणि पोर उलट बाईंचे. दोघी एकमेकींचे कान धरून बसायच्या, भोंगा थांबेस्तोवर. मग पोर मावशीबरोबर गेली. बाई लिहितात, भोंगा झाला की माझे हात अजून वर जातात. कामावरच्या बाया हसतात, म्हणतात, कुणाला शरण जातेस?

मुलगी : बस. नका सांगू.

वडील : पुस्तक निघाल्यावर बाईंनी मला कार्ड पाठवलं होतं. 'इंग्रजी मला येत नाही, पण माझी लेक आता ते वाचू शकेल. तुमचे उपकार.' त्यासाठीच त्यांनी भाषांतराला हो म्हटलं होतं. दुसऱ्या कशासाठी नाही.

मुलगी : आणि तुम्ही गप्प बसलात.

वडील : बसलो. त्या गेल्या तेव्हासुद्धा.

मुलगी : मला राग आलाय, बाबा. खूप.

वडील : यायलाच हवा.

मुलगी : इतक्या वर्षांनी पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येतेय. त्या ईमेलवाल्या बाईंनी हे चारचौघांत सांगितलं तर?

वडील : सांगू दे. आत्तापर्यंत झाकली मूठ होती. उघडू दे.

मुलगी : सोपं पडेल असं काहीतरी लिहू? 'काही अडचणींमुळे तो भाग राहून गेला...'

वडील : नको. अडचण कसली? 'मी लपवला' असं लिही.

मुलगी : आणि माफी?

वडील : खाली. आधी तिच्या आईचं. नाहीतर ती माझ्या माफीतच अडकेल.

मुलगी : फाइल आणते. पानं आजच स्कॅन करून पाठवते.

वडील : ती पण पाठव. पण पत्र आधी.

मुलगी : थांबा... हं. 'तुमच्या आईनं तुमच्याबद्दल लिहिलं होतं. साडेतीन पानं. आधी मला ती समजली नाहीत. समजल्यावर मी ती लपवली. आजच पाठवतो आहे.' पुढे?

वडील : पुढे काही नको. पाठव.

मुलगी : सही तरी? माफीसुद्धा राहिलीय.

वडील : ती मी उद्या मागतो. आत्ता पाठव, माझं मन बदलायच्या आत.