सुडाची ओटी

गोदूबाई : वाजले किती, बघ गो.

नेत्रा : आत्ताच तर सांगितलं, आई. मनोजने मैनामावशींना एअरपोर्टच्या दारात सोडलं, त्या आत गेल्या, तो परत निघालाय. तुम्ही जेवून घ्या बघू.

गोदूबाई : आदी फोन येऊ दे. मग जेवीन. आज भाकर गोड लागनार हाय मला.

नेत्रा : कोणाचा फोन?

गोदूबाई : मैनीचा. रडत करील.

नेत्रा : आई, काय करून ठेवलंत तुम्ही?

गोदूबाई : काय न्हाय. ओटी भरली तिची. मगाशी निरोप घ्यायला आली नव्हती का, तवा. इथंच, सैपाकघराच्या दारात. खण, तांदूळ नि नारळ.

नेत्रा : मैनामावशींची ओटी? पण त्यांचे मिस्टर जाऊन तर...

गोदूबाई : ठाव हाय मला. कुंकू न्हाय लावलं, तेवढा धीर न्हाय झाला. पन ओटी भरली. नि बोलली, मैने, ह्यो नारळ हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत टाकू नको, ओटीचा हाय, बंगलोरला लेकीच्या, भाविकाच्या घरी पोचल्याशिवाय खाली ठेवायचा न्हाय.

नेत्रा : हातातल्या बॅगेत? अहो, नारळ नेऊ देत नाहीत विमानात. तिरुपतीवरून येताना तुमचाच नव्हता का काढून घेतला?

गोदूबाई : मग? तवाच तं शिकली मी.

नेत्रा : अच्छा. म्हणजे बोंबलाचा सूड.

गोदूबाई : हां. आता कशी बरोबर बोललीस.

नेत्रा : पण त्यात काय एवढं? त्यांनी सांगितलं की मावशी नारळ तिथे ठेवतील आणि पुढे जातील.

गोदूबाई : ठेवील? म्हनून तं ओटी भरली. साधा नारळ दिला असता तं माझ्या मनोजच्या गाडीतच टाकून गेली असती, ती काय येडी हाय? पन नवरा गेल्यापासून तिची ओटी कुनी भरलेली न्हाय. आता ती त्यो नारळ मरंल पन सोडनार न्हाय. पोलीसबाई ओरडंल, लाईनीतली मानसं माना लांब करकरून बघतील. जसं माझं झालं तसं. सगळ्यांच्या देखत.

नेत्रा : आई, हे जास्तच झालं.

गोदूबाई : जास्त? तू त्या बसमधे नव्हतीस.

नेत्रा : नव्हते. माहेरी होते. नुसतं ऐकलंय, तेही तुम्ही नसताना.

गोदूबाई : मग आता माझ्या तोंडून ऐक. गाणगापूरची बस. आपल्या भजनी मंडळाच्या सगळ्या बाया. मंडळाची मुख्य मी. मीच सगळ्यांना दंडक घातलेला, देवाला जायचंय तं निघायच्या आदी घरात मासळीचा वास बी नको. बस एशीची, काचा उघडत न्हाईत. घाट चढून गेलो, ऊन तापलं, नि वास सुटला. पयला डायवर बोलला, उंदीर मेला असंल. मग गोदामवाल्या पाटलीनबाई नाकाला पदर लावून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. शेवटी गाडी बाजूला घेतली नि भर हायवेवर सगळ्यांच्या बॅगा मांडल्या. एकेकीची उघडत, उघडत माझ्या बॅगेशी आले. माझ्या नव्या लुगड्याच्या घडीत सुके बोंबील नि वाकट्या. चांगल्या पेपरात बांधून मैनीनं घातलेल्या.

नेत्रा : आणि मावशी काय म्हणाल्या?

गोदूबाई : ती? तोंडाला पदर लावून बोलली, गोदे, मला सांगायचं व्हतंस, मी चटनी आनली असती.

नेत्रा : (हसू दाबत) चटणी?

गोदूबाई : हस. हस तू पन. सगळी बस हसली, तू कनाला मागं राहतेस? देवळात शिरताना बाया माझ्यापासून लांब उभ्या राहिल्या. घरी आलो, तं पुढल्या भजनात पयला अभंग कुनी उचलायचा? मंडळातल्या तुळजानं. माझ्या जागेवर बसून. मला कुनी बोललं न्हाय की गोदूबाई, तुमी म्हना. नि ते लुगडं कितीबी धुतलं तरी आपली मांजर त्याच्यावरच जाऊन झोपते.

नेत्रा : पण आई, सुरुवात तुम्हीच केली होती ना? वज्रेश्वरीच्या एसटीत?

गोदूबाई : ती चेष्टा व्हती. मी कंडक्टरला एवढंच सांगितलं, ही माझी मैतरीन बहिरी हाय, जरा मोठ्यानं बोला. तो बिचारा चांगला मानूस, वज्रेश्वरी येईपर्यंत तिच्या कानात ओरडत राहिला. उतरताना तिला हात धरून उतरवली. ती शिव्या देत व्हती नि तो बोलत व्हता, असू दे आजी, असू दे. त्यात कुनाची इज्जत गेली? बोंबलात माझी गेली. घे, आला बघ फोन. इस्पिकरवर टाक.

मैना : हॅलो, गोदे? ऐकू येतं का? इथं भोत लफडं झालं गो.

गोदूबाई : काय झालं गो बाय?

मैना : बॅग त्या मशीनमधून गेली नि पलीकडं खाकीतली एक पोरगी हाय, ती बोलली, अम्मा, नारियल अलाऊ नहीं है, निकालो.

गोदूबाई : काय सांगतेस. लाईनीत मानसं व्हती का?

मैना : ही गर्दी. मागचा एक सूटवाला बोलला, आंटी, जल्दी करो.

गोदूबाई : आंटी बोलला? मग सगळे बघत असतील.

मैना : बघतील न्हाय तं काय. मी नारळ काढला नि छातीशी धरला. बोलली, नहीं दूँगी, ओटी का है. ती बोलली, ओटी क्या होता है? आता तिला काय सांगू? सांगायला लागली, की बेटी, नवरा असलेल्या बाईची भरतात. माझा न्हाय, तरी माझ्या मैतरनीनं भरली. एवढं बोलली नि मला रडायलाच आलं.

गोदूबाई : रडलीस?

मैना : हां. लूमच्या कारखान्यात एवढी वर्सं सुताच्या कांड्या भरल्या, शेठ कायपन बोलला तरी डोळ्यातून पानी काढलं न्हाय. नि इथं परक्या मानसांत रडली. आता मला बाजूला खुर्चीवर बसवलंय. नारळ मांडीवर हाय. ती बोलते, या तो नारियल छोडो, या बाहर जाओ. मी बोलली, ठीक है, बाहर जाती.

नेत्रा : मावशी, मी नेत्रा बोलतेय. बाहेर जाऊ नका. विमान सुटेल. उद्या सकाळी भाविकाचं सिझर आहे ना?

मैना : ठाव हाय गो पोरी. पन तूच सांग, इतक्या वर्सांनी कुनीतरी माझ्या पदरात नारळ घातला, त्यो मी कचऱ्याच्या डब्यात टाकून लेकीच्या बाळंतपनाला जाऊ? माझं मन न्हाय धजत. बाळाच्या वाटेला काय वाईट आलं तं? मी रातच्या बसनं जाईन.

नेत्रा : बसने उद्या सकाळपर्यंत बंगलोरला नाही पोचणार तुम्ही.

मैना : मग काय करू? गोदे, तू बोल ना. गप का?

(गोदूबाई फोनवर हात दाबून धरते.)

नेत्रा : आई, खरं सांगून टाका त्यांना. म्हणावं, चेष्टा होती, तो ओटीबिटीचा नाही. नारळ टाकतील आणि जातील.

गोदूबाई : तू गप राह.

नेत्रा : भाविकाला तिथे दुसरं कोण आहे? सासू नाही, नणंद नाही. पोरगी टेबलावर जायच्या आधी आईला शोधेल. आणि हे सगळं बोंबलापायी?

गोदूबाई : मला कळत न्हाय का? मी सांगितलं ना, तं ती नारळ टाकील. इमानात बी बसंल. पन मग ती पुन्हा कुनाम्होरं पदर पसरनार न्हाय, माझ्याम्होरं तं मुळीच न्हाय. मला तिला लाजवायची व्हती गो. तोडायची नव्हती. सोड, हात काढते. मैने, ऐक. ती खाकीतली पोरगी लगीन झालेली हाय का?

मैना : असंल. हातावरची मेंदी गेली न्हाय अजून. का?

गोदूबाई : तिची ओटी भर.

मैना : काय?

गोदूबाई : त्योच नारळ, त्योच खण, तेच तांदूळ. ओटीचा नारळ टाकायचा न्हाय, पन दुसरीच्या पदरात घातला तं काय बिघडत न्हाय. आपन दुसरं काय करतो? धामनकर नाक्यावरनं एकीनं घेतलेला खण वरसभर सगळ्या गावाच्या ओट्यांतनं फिरतो. तुला दिलेला बी मी काय नवा आनला व्हता?

मैना : ते मी वळखलं. गेल्या वर्सी मीच आनून दिलेला तुळजाला.

गोदूबाई : मग झालं तं. भर तिची.

मैना : पन मी भरू? माझ्या हातानं? नवं लगीन हाय तिचं. तिच्या घरच्यांना कळलं तं काय बोलतील?

गोदूबाई : तुझी कुनी भरली? मी भरली ना? मला कोन खायला आलं? तू भर. बोलायचं असंल तं त्यांना म्हनावं, आमच्या गावी दापोड्याला या, गोदूबाईशी बोला.

मैना : ड्युटीवर हाय ती. घेईल का?

गोदूबाई : इचार तं खरं. नि फोन ठेव, उशीर करू नको.

नेत्रा : ठेवला त्यांनी.

गोदूबाई : ठेवला?

नेत्रा : हो. ताट वाढू?

गोदूबाई : नको. पंखा वाढव. नि त्या दारासमोरच्या गोडाऊनच्या डायवरला सांग, रिव्हर्स घेताना हॉर्न मारत बसू नको, फोन ऐकायचाय. बघितलंस? सूड मी घ्यायला बसली नि घाम बी मलाच फुटला. ह्या बाईनं मला कवा सुखानं जिंकू दिलं न्हाय. लहानपनी खाडीवर चिंबोऱ्या पकडायला जायचो, तवापन माझ्या टोपलीतली मोठी चिंबोरी हिच्या टोपलीत जायची.

नेत्रा : मनोजला परत वळवू का एअरपोर्टकडे?

गोदूबाई : थांब जरा. तिला बाहेर काढलं तं वळव. मी पन जाते मग. तिच्या संगं बसनं बंगलोरला जाते, काय व्हायचं ते होऊ दे. (बऱ्याच वेळाने फोन वाजतो.) वाजला बघ. उचल, उचल.

मैना : गोदे, इमानात बसली गो. खिडकीशी बसली. पट्टा पन लावला.

नेत्रा : हुश्श. मावशी, घेतली का तिने?

मैना : ऐक ना. मी इचारलं, बेटी, तेरी ओटी भरूँ क्या? ती तिच्या साहेबाकडं बघायला लागली. साहेब दुसरीकडं बघायला लागला. मग ती बोलली, अम्मा, मेरे पास पल्लू नहीं है. नि खिशातला रुमाल काढून दोन हातांवर पसरला. मी नारळ ठेवला, खण ठेवला, तांदूळ घातले. अर्धे खाली सांडले, तं त्या सूटवाल्यानं वाकून गोळा केले. नि ती माझ्या पाया पडली. माझ्या, गोदे. एवढ्या मानसांत.

गोदूबाई : बरं झालं. आता बस गुमान. पानी पी.

मैना : पिते. एक बोलू? तिरुपतीच्या नारळाची गोष्ट तूच मला सांगितली व्हतीस.

गोदूबाई : कोनची गोष्ट?

मैना : इमानात नारळ चालत न्हाय, ती. तीनदा सांगितलीस, दर वेळी त्या पोलिसाला शिव्या देऊन.

गोदूबाई : म्हंजे तुला ठाव व्हतं?

मैना : सैपाकघराच्या दारातच कळलं. तांदूळ घालताना तू माझ्याकडं बघत नव्हतीस. लबाडी करतेस तवा तू बघत न्हाईस, शाळेपासून. म्हनून मगाशी तुलाच पयला फोन लावला. जरा घाम फोडायचा व्हता तुझा. फुटला का?

गोदूबाई : ठाव व्हतं तं घेतलास कनाला मग? मनोजच्या गाडीत टाकायचा. ती पोरगी बोलली तवा टाकायचा.

मैना : रडू काय खोटं नव्हतं गो. तू नारळ पुढं केलास नि माझा पदर आपसूक पुढं झाला. कशापायी भरतेस असं इचारलं असतं, तं तू भरली नसतीस. मी न्हाय इचारलं.

गोदूबाई : बोंबलाचं फिटलं न्हाय हां अजून.

मैना : नको फेडूस. मी काय कुठं पळून जाते? चल, ही बाई फोन बंद करायला सांगते. भाविकाचं झालं की कळवते.

नेत्रा : कट झाला, आई. त्या उतरल्या की तुम्हाला लावून देऊ का फोन?

गोदूबाई : तूच बोल तिच्याशी.

नेत्रा : का? अजून राग आहे?

गोदूबाई : राग कसला. तिनं इचारलं, इतकी वर्सं का न्हाय भरलीस, तं मी काय सांगू?