दिवा खिडकीत ठेवा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मृत्तिका प्रशिक्षण केंद्राचे कार्याध्यक्ष माननीय भगवंतराव गावंडे, अकोल्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्या साधनाताई, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय धर्मपाल तायडे सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मायाताई, केंद्राचे आजी-माजी प्रशिक्षणार्थी, आणि हिवरखेडहून दोन बसगाड्या बदलून आलेली माझ्या गावची मंडळी, आपणा सर्वांना मोतीरामचा नमस्कार. सर, आपल्याला जयभीम.

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी सूत्रसंचालक शेखरभाऊंना एक विनंती आहे. व्यासपीठासमोरची ही समई उचलून त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावी. विझवू नका, नुसती जागा बदला. मघाशी अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं, तेव्हापासून माझं लक्ष तिकडेच आहे. समईच्या पायाशी फरशी ओली दिसते आहे, तीही तशीच राहू द्या, पुसू नका. कारण मी पुढे सांगणार आहे.

आभारी आहे, शेखरभाऊ.

मला सरांच्या कार्याबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी हिवरखेडच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेला माणूस. भाषणाची सवय नाही. माझे वडील नत्थुजी गावात मडकी, रांजण, पणत्या करायचे. मडकी भाजण्याच्या ढिगाऱ्याला आम्ही आवा म्हणतो. आवा रचून झाला की वडील त्याच्या तोंडाशी जमिनीवर तेलाचा दिवा ठेवायचे, उदबत्ती लावायचे, हात जोडायचे आणि त्या दिव्यावरूनच आवा पेटवायचे. आवा नीट धरेपर्यंत दिवा तिथून हलवायचा नाही. मी तेवढं शिकून या केंद्रात मदतनीस म्हणून आलो. त्याला बावीस वर्षं झाली.

त्या वेळी सर इथे मुख्य निदेशक होते आणि केंद्रात विजेवर चालणारी नवी भट्टी आली होती. लोखंडी पिंपासारखी गोल, आत हलक्या विटा, विटांच्या खोबणीत कॉइल. बटण दाबलं की लाल व्हायची. पहिल्याच दिवशी मी तिच्यापुढे जमिनीवर दिवा ठेवला. मला वाटलं, सर रागावतील. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, त्यांचा या गोष्टींवर विश्वास नाही. सरांनी दिव्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोतीराम, हिले त बटणानं पेटवाचं हाय. तुया दिव्याले काय काम देशीन?"

मी म्हणालो, "सर, तो नुसता बसून राहीन."

"बसू दे मंग. इथं बसून राहणारे लय हायेत, त्यात एक अजून."

त्यानंतर बावीस वर्षं प्रत्येक भाजणीला माझा दिवा तिथे बसून राहिला. सर त्याला वळसा घालून जायचे. एकदाही त्यांचा पाय लागला नाही. मला विचाराल तर सरांचं मोठेपण एवढ्यात आलं. पण आज इतक्यावर थांबता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती भट्टी थकली. कॉइल तुटायच्या, नव्या मिळेनात. मध्येच वीज गेली की अर्धी तापलेली भट्टी थंड पडायची आणि भांड्यांच्या चकचकीत झिलईवर फोड यायचे. तेव्हा सरांनी ठरवलं, हिला गॅसवर घ्यायचं. सरांची एक जुनी इच्छाही होती. तांब्याची लाल झिलई विजेच्या भट्टीत काही केल्या येत नाही, तिला ज्योतच लागते. सर म्हणायचे, "रिटायर व्हाच्या आधी एक तरी लाल वाटी माह्या हातची पाहू दे."

आम्ही दोघांनी आठवडाभर काम केलं. कॉइल उपटल्या, तारा काढल्या, खालच्या विटांत बर्नरसाठी तोंड पाडलं, वर धुराडं बसवलं. शेवटच्या दिवशी सर भट्टीवर हात ठेवून म्हणाले, "इतके दिवस हे गाय होती, मोतीराम. आता आपण वाघ बांधून राहिलो. आता जुन्या सवयी नाही चालाच्या."

मग त्यांनी तांब्याभर पाणी मागवलं. भट्टीखालून एक नाली जाते. विजेची जाड केबल त्या नालीतून पुढच्या व्हरांड्यातल्या मीटरपर्यंत गेली होती. केबल आम्ही काढली, नाली तशीच राहिली, वरून फरशा. सरांनी भट्टीपाशी नालीत तांब्या ओतला आणि मला म्हणाले, "जा, पाह्य कुठं निंगते पाणी."

मी या सभागृहात आलो. पाणी या व्यासपीठासमोरच्या फरशीच्या फटीतून वर येत होतं.

सर म्हणाले, "गॅस असाच असते. हवेपेक्षा जड. वर जात नाही, पाण्यासारखा खाली पाहून चालते. हे नाली रेतीनं गच्च भरल्याशिवाय अन् ज्योत विझली का गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसल्याशिवाय काडी ओढाची नाही. अन् तुया दिवा आता खाली नाही ठेवाचा. खिडकीत ठेव. तुया देवाले खिडकीतून बी दिसते."

मी हो म्हणालो. रेती दोन दिवसांनी येणार होती. व्हॉल्व्ह यायचा होता.

मध्ये गुढीपाडवा आला.

सज्जनहो, आता मी जे सांगणार आहे ते अध्यक्षांना माहीत नाही. चौकशीच्या अहवालात नाही. सरांना माहीत आहे आणि मला. सर मघापासून माझ्याकडे पाहून मान हलवत आहेत, थांब म्हणून. सर, आयुष्यात आपला शब्द मी दोनदा मोडतो आहे. एकदा पाडव्याला मोडला, दुसऱ्यांदा आज.

पाडव्याला केंद्राला सुट्टी होती. घरी गुढी उभारली आणि माझ्या मनात आलं, नव्या भट्टीला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता मिळणार? पूर्ण भाजायचं नव्हतं. विटांची ओल काढायला मंद आंच ठेवायची, एवढंच. माझ्याकडे किल्ली होती. मी आलो. भट्टीपुढे जमिनीवर दिवा ठेवला, वारा लागू नये म्हणून भोवती तीन विटा लावल्या. खिडकीत ठेवायचा होता, ते मला आठवत होतं. पण आव्याचा दिवा जमिनीवर असतो, वडिलांनी कधी खिडकीत ठेवला नाही, आणि पहिल्या पेटवणीला तरी रीत मोडू नये, असं वाटलं. उदबत्तीचा अख्खा जुडगा लावला. त्या दिव्यावरून बर्नर पेटवला. बर्नरचा बारीक घोंघावल्यासारखा आवाज सुरू झाला. मी हात जोडले.

खोलीत उकडत होतं. मी सभागृहाचं मधलं दार उघडलं, इथला कूलर लावला आणि दारातच खुर्ची घेऊन बसलो. कूलरचा वारा थेट भट्टीवर जात होता. मंद ज्योत, मोठा वारा. ती कधी विझली, मला कळलं नाही. गॅस चालूच राहिला. भट्टीच्या तोंडातून खाली उतरला, नालीत शिरला. गॅसला वास असतो, तो गळती कळावी म्हणूनच दिलेला असतो. पण माझ्या नाकात चंदनाची उदबत्ती होती. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, किती प्रसन्न वाटते आहे.

वीस मिनिटं तरी झाली असतील. कुलूप उघडं दिसलं म्हणून सर आत आले. सुट्टी असून का आले, ते मी कधी विचारलं नाही. दारातच थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मोतीराम, आवाज कुठं गेला?"

मी म्हणालो, "कोणता, सर?"

त्यांनी नाक वर केलं, मग खाली पाहिलं. विटांच्या आडोशाला माझा दिवा होता. नेहमी बोटभर असणारी ज्योत वीतभर झाली होती आणि तिच्या बुडाशी निळा रंग होता. तिथे वारा लागत नसताना ती नालीच्या बाजूला वाकली होती. बावीस वर्षं मी दिवा लावला, ज्योत अशी कधी पाहिली नाही. मला तर क्षणभर वाटलं, देव पावला.

सरांनी मला दोन्ही हातांनी दाराबाहेर लोटलं आणि स्वतः खाली बसले. दिवा ओंजळीत दाबून विझवायला गेले. तेवढ्यात फरशा उठल्या. आवाज फार मोठा नव्हता. जमिनीखालून कोणीतरी एकदाच खांदा द्यावा, तसा होता. या सभागृहातल्या तीन फरशा छताकडे गेल्या. तेव्हा इथे खुर्च्या रिकाम्या होत्या.

सरांचे हात आपण पाहता आहात. मघाशी अध्यक्षांनी श्रीफळ दिलं, ते मायाताईंनी घेतलं.

दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. चौकशीला माणसं येणार होती. मी म्हणालो, सर, मी सांगतो. सर म्हणाले, "काही सांगू नको. मीच पेटवली अन् माह्या हातून चुकलं, असं मी सांगीन. माह्यी दोन वर्षं राह्यली, तुयी दहा हायेत. अन् दिव्याचं नाव काढू नको. त्या भट्टीपाशी तुया दिवा अन् मी, दोघंच होतो म्हणून सांगतलं, त लोक गॅसचं सोडून भलतंच बोलत बसतीन. गावात दोन पंगती पडतीन. मले ते नाही पाहिजे."

मी गप्प बसलो. मोठ्या मनानं नव्हे, भीतीनं. अहवाल आला: भट्टी पेटवताना मुख्य निदेशक धर्मपाल तायडे यांचा निष्काळजीपणा. सरांनी दोन वर्षं आधीच निवृत्ती मागितली आणि आज त्यांना आपण शाल देतो आहोत. त्यांच्या पाठीमागे मात्र तो कागद राहणार. नव्या निदेशकांना लोक सांगतील, तायडे सर चांगले होते, पण शेवटी हलगर्जीपणा नडला. त्या शब्दात एक अक्षर खरं नाही.

आणि माझ्या गप्प बसण्याचं पुढे काय झालं, तेही ऐका. माणसाचा दोष ठरला, मग जागेचा दोष कोण शोधणार? सरांनी जळलेल्या हातांनी मायाताईंकडून पत्र लिहून घेतलं की नाली रेतीनं भरा. ते पत्र अहवालाला टाचून ठेवलं आहे. नव्या फरशा लागल्या. व्हॉल्व्ह बसला. चहापानानंतर साधनाताईंच्या हस्ते भट्टी पेटायची आहे, निमंत्रणपत्रिकेत तसं छापलं आहे.

आज सकाळी मी भट्टीपाशी एक फरशी काढली. आत रेतीचा कण नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि नालीत तांब्याभर पाणी ओतलं. मग इथे येऊन उभा राहिलो. पाणी कुठे आलं, ते आपल्याला दिसतं आहे. समईच्या पायाशी. व्हॉल्व्ह ज्योत विझल्यावर काम करतो. उद्या नळी गळली, जोड ढिला झाला, तर तो काय करणार? गॅस खाली पाहून चालेल. खाली आपण बसलो आहोत.

माननीय अध्यक्ष महोदय, सिलिंडरचं रेग्युलेटर मी काढून आणलं आहे. ते माझ्या खिशात होतं, आता टेबलावर, सरांच्या समोर ठेवतो. नाली भरली असं सर स्वतः पाहून म्हणतील, त्या दिवशी ते परत बसेल. माझा जबाब मी लिहून आणला आहे, खाली सही आहे. अहवालातलं सरांचं नाव खोडावं आणि तिथे मोतीराम नत्थुजी लिहावं. मला काढायचं तर काढा. दिवा मी लावतच राहीन, पण खिडकीत.

सर, आपली लाल वाटी अजून झालेली नाही. आपले हात चाकावर चालणार नाहीत, हे मला माहीत आहे. नाली भरल्यावर आपण शेजारी बसा, हात माझे लावा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी असं बोललो; बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर ते पोटात घाला. पाडव्याला जे चुकलं ते मात्र पोटात घालू नका. ते लिहून घ्या.

आणि आता एक करा. चहा व्हरांड्यात नको, बाहेर निंबाखाली घेऊ. गॅस बंद आहे, भिऊ नका, पण खाली नाली अजून पोकळ आहे; उठताना खुर्च्या ओढू नका, सावकाश उठा. लहान मुलांना पुढे होऊ द्या. नमस्कार.