कार्बनच्या कापडाची वाकळ

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं दादानं बजावलं होतं. त्याला वाटायचं, कॉलेजातली पोरं चिडवतील.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तो कार्बन फायबरच्या काळ्या कापडाचे थर रेझिनमध्ये चिकटवून पट्ट्या करायचा. हातोडा बसला की थर सुटायचे. पट्टी टिकली तरच प्रोजेक्ट पास होऊन बंगळूरची नोकरी मिळणार होती. आधी थर शिवून मग रेझिन ओतायचं, असं त्यानं कुठंतरी वाचलं. घरात शिवणकाम मलाच यायचं.

"वाकळीगत टाके घाल की," तो म्हणाला.

"ताणून?"

"व्हय. पण कापड चुरगाळू नको."

आठवडाभर मी शिवत होते आणि तो शेजारी बसून बोलत होता. एवढं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

आई म्हणायची, "इंजिनियर हुतोयस का वाकळ शिवतोयस रं?"

शेवटी त्यानं हातोडा घातला. पट्टीला खळगा पडला, पण थर सुटले नाहीत. दादा नाचला. महिन्याभरात बंगळूरला गेलासुद्धा.

परवा फोनवर मी विचारलं, "तिथं टाके कोण घालतं?"

"मशीन हाय की गं."

मला विचारायचं होतं, की मग टाके पडताना तू शेजारी बसून कुणाशी…

"अगं ए, दळण आणायला जातीस का न्हाय?"

आले गं आई.