ढोरांच्या दवाखान्यातला मुकादम

(सांगणार : पंचफुलाबाई, डाळमिलमधल्या कामगार, अकोला)

माहं नाव पंचफुला. माहेर माहं अंजनगाव सुर्जीकडचं, बाप दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाले, माय बी तठीच, अन् आमी पाच बहिनी, त्याच्यात मी चवथी, म्हून माह्याकडं कोनाचं लक्ष नाई, काय सांगू तुमाले ताई, मी तं ढोराबकऱ्याईतच वाढली. मालकाचा बैल बिमार पडला का बाप त्याले तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात नेये अन् मी मांगं मांगं जाओ. तिथल्या भितीवर चित्रं काढेल होते, गाय, बैल, म्हैस, बकरी, कोंबडी. मांजर नव्हती त्याच्यात. शाळेत तं मी गेली नाई, जे पाह्यलं तेच माहं शिक्षन, तं माह्या डोक्शात पक्कं बसलं का जे दूध देते, नाई तं नांगर ओढते, नाई तं अंडं देते, त्याच्यासाठी सरकारचा डाक्टर, बाकीच्यानं आपलं आपन पाहावं.

लग्न होऊन अकोल्याले आली ते डाळमिलमधेच आली म्हना. आमचे हे तठी हमाल, अन् मी निवडनीवर. तवा चाळीस बाया होतो आमी, सूप घेऊन ओळीनं बसो, तुरीच्या डाळीतला खडा काढो, काळा दाना काढो, अन् तोंड चालूच, कोनाची सून कशी अन् कोनाचा नवरा कसा. आता रंग पाहनारी मशीन आली, तिच्यासमोरून दाना गेला का काळा तो बाजूले उडते. आठ बाया राहिल्या. मशीनले नाई दिसत ते आमाले दिसते, म्हून ठेवलं आमाले, पन मशीन कधी तोंड चालवत नाई, हे मालकाले लय आवडते.

तं मिलमधे उंदरं, लय उंदरं, पोते कुरतडून टाकत. अन् एक दिवस हा बोका आला, पिवळा, एक कान फाटेल, कुठून आला देव जाने. आला तो मायबाप सरकारसारखा आला ताई. सकाळी आमी बसलो का हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीतून चालत जाये, अन् जी बाई गोठी सांगत असन तिच्यासमोर उभा राहून पाहे. निरा पाहे, नुसता टक लावून. बायाईनं त्याचं नाव ठेवलं मुकादम. आता आमचे खरे मुकादम वसंतराव, त्याईले हे काहून आवडन, ते म्हनत, द्या माहा पगार बी त्यालेच देऊन टाका. अन् लाथ उगारत. पन लागू देत नव्हते, हे मी पाह्यलं हाये, लाथ नेहमी हवेत जाये.

आमचे हे गेल्यावर तो माह्या घरी यायले लागला. पोरगी माही नांदगाव पेठेले कापडाच्या कंपनीत, पँटी शिवते, तठीच दिली तिले, तं घरात मी एकटी. संध्याकाळी सुट्टी झाली का हा माह्या मांगं मांगं चाले, रस्त्यानं लोक हासत. मी त्याले सुकट देओ. रोज सुकट, वाळेल मासळी, त्याले आवडे अन् मले त्याचं खानं पाह्यलं का बरं वाटे. हीच माही चूक झाली, पन मले काय माहीत.

एका सकाळी पाहतो तं हा कोपऱ्यात बसून जोर लावून राहिला. पोट साफ होत नसन म्हून मी एरंडेल चाटवलं. दुपारी परत तेच, बसे, जोर लावे, उठे, परत बसे, अन् रडल्यावानी आवाज काढे. हात लावला तं पोटात खाली टनक गोळा. मंग कळलं मले का याची लघवी अडकली. मी गोखरूचा काढा करून पाजला, शेजारची म्हने बेंबीले हिंग लाव, हिंग लावला, कोनी म्हने थंड फडकं ठेव, ठेवलं, काहीच नाई. त्यानं सुकट हुंगली बी नाई. तवा मी घाबरली.

मंग मी त्याले पोत्यात घेऊन ऑटोनं गेली, तो कुत्र्यामांजराईचा काचेचा दवाखाना हाये ना, एसीवाला, तठी. एक पोट्टी बसेल होती काऊंटरवर, मोठी गोड बोलली, म्हने पेशंटचं नाव काय. मी म्हटलं मुकादम. म्हने आडनाव. आता बोक्याले कुठलं आडनाव, मी म्हटलं इंगळे, माहं. तिनं लिहिलं, मुकादम इंगळे. डाक्टर बी चांगला मानूस, खोटं नाई बोलनार, त्यानं हात लावून पाह्यलं अन् सरळ सांगितलं, बाई, याची वाट खड्यानं बंद झाली, याले भरती करा लागते, नळी टाका लागते, रक्त तपासा लागते, तीन दिवस ठेवा लागते, अन् उद्या संध्याकाळपर्यंत मोकळा झाला नाई तं जीव जाईन त्याचा. अन् मंग त्यानं आकडा सांगितला. माही दोन महिन्याची मजुरी गेली असती अन् तरी पुरली नसती. त्यानं दुखन्याचं एक इंजेक्शन तसंच देल्लं, त्याचे पैसे घेतले नाई, मी हात जोडले अन् बोक्याले घेऊन बाहेर आली. पोरीले फोन केला तं ती म्हने, आई, एका बोक्यासाठी काहून एवढी रडून राहिली. मी फोन ठेवून देल्ला.

रात कशी गेली ते नका विचारू. सकाळी अंगनात बसून राहिली त्याले मांडीवर घेऊन, तं शेजारच्या खातूनआपा आल्या. चार बकऱ्या हायेत त्याईच्या, जीभ कैचीसारखी पन दिल सोन्याचं. म्हने, क्या हुआ. मी सांगितलं. तं म्हने, अरी बावळट, सरकारी दवाखाना है ना, मैं मेरे बकरियां लेको जाती ना. मी म्हटलं आपा, तो ढोरांचा हाये, तिथं मांजर कोन पाहीन. त्याईनं जरा विचार केला, अन् घरात जाऊन बकरीचं दवाखान्याचं कारड घेऊन आल्या, म्हने, ये ले, बोल बकरी का बच्चा है, एक बार अंदर गई ना, फिर डाक्टर क्या तेरे को धक्के मारके निकालता. आता तुमी हासून राहिल्या, पन तवा आमाले दोघींले हे लय हुशारीचं वाटलं.

मिलच्या फाटकावर वसंतराव भेटले. मी म्हटलं आज खाडा, मुकादम मरून राहिला. ते चिडले, म्हने बोक्यासाठी खाडा, उद्या उंदरासाठी मांगसान. अन् मंग त्याईनं पोत्यात वाकून पाह्यलं. बोक्यानं डोये उघडले, अन् निरा पाह्यलं त्याईच्याकडं, जसा ओळीतल्या बाईकडं पाहे तसा. वसंतरावाईनं गाडी काढली. म्हने बसा मांगं, अन् मिलमधे कोनाले सांगू नका.

दवाखान्यात ही गर्दी. म्हशी, गोऱ्हे, बकऱ्या, शेनाचा वास, मले तं माहेरी आल्यावानी वाटलं. खिडकीवर एक बाबू कागद भरून राहिला होता. मी कारड पुढं केलं, पोतं काखेत दाबलं. म्हने काय हाये. मी म्हटलं बकरीचं पिल्लू. म्हने नर का मादी. नर. म्हने चारा खाते काय. मी म्हटलं कालपासून नाई खात. म्हने रवंथ करते काय. आता काय सांगू, मी म्हटलं कधी कधी. अन् तेवढ्यात पोत्यातून हा म्याव. तं असा तसा म्याव नाई ताई, लांबलचक, साऱ्या दवाखान्यानं ऐकला. बाबूनं पेन खाली ठेवला अन् म्हने, बाई, तुमची बकरी म्याव करून राहिली.

सारे हासले. म्हशीवाले, बकरीवाले, वसंतराव तं भितीकडं तोंड करून उभे राहिले, जसे मले ओळखतच नाई. अन् मले अशी शरम आली का पळून जाओ वाटलं, पाय मांगं बी घेतला होता मी. पन पोत्यात त्याचं अंग गार लागून राहिलं होतं. अन् मंग मले राग आला, कुठून आला मले बी माहीत नाई. मी म्हटलं, हाव, मांजर हाये! मंग काय? त्याले जीव नाई काय? दूध देनाऱ्याचंच सरकार हाये काय? दूध तं मी बी देत नाई, तुमी बी देत नाई, मंग आपन बिमार पडलो तं कुठं मराचं? माहा आवाज तसा मोठाच, मशीनीच्या घरघरीत बोलून बोलून झाला, त्या दिवशी आनखीन मोठा निघाला. हासनं बंद झालं सारं.

आतून डाक्टर आली. पोट्टीच म्हना, शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागाईतली, हे मले मांगून कळलं. हातात कोपरापर्यंत मोजे, गायीले तपासून आली होती. म्हने कोन ओरडून राहिलं. मी म्हटलं मी. अन् सांगितलं सारं, बकरीचं खोटं बी सांगितलं. ती म्हने, आजी, खोटं काहून बोलल्या, हा साऱ्या जनावराईचा दवाखाना हाये, तुमी पोपट आनला असता तरी पाह्यला असता. अन् बाबूले म्हने, लिहा, बोका. ताई, मी त्या भितीवरची चित्रं पाहून पन्नास वर्ष काढली, अन् तिनं एका शब्दात सारं मोकळं केलं! कागदाचे पैसे किती लागले म्हनान, तं चहाच्या टपरीवर दोघं बसलो असतो तं तेवढे लागले असते.

पन एवढ्यानं झालं नाई. तिच्यापाशी नळ्या होत्या त्या म्हशीच्या, माह्या बोटाएवढ्या जाड. ती म्हने, लहान लेकराले सलाईन लावतात ती बारीक नळी पाहिजे, मेडिकलमधून आना, लवकर, याचं काळीज मंद चालून राहिलं. वसंतराव पळाले. साठीच्या पुढचा मानूस, पोट सुटेल, असा पळाला का बकरीवाल्यानं रस्ता देल्ला. नळी आनली. डाक्टरनं भुलीचं इंजेक्शन थोडंसंच देल्लं, म्हने जास्त नाई देता येत, तुमाले धरा लागन. मी मुंडी धरली, वसंतरावाईनं मांगचे पाय. तिनं सुई काढून नुसती नळी घेतली, पानी भरलं, अन् हळूहळू, हळूहळू. एकदा नाई गेली. दोनदा नाई गेली. तिच्या कपाळाले घाम. मी मनात म्हनून राहिली, लेकरा, जाऊ नको, मले एकटीले सोडून जाऊ नको. तिसऱ्यांदा तिनं पानी दाबलं अन् काहीतरी सरकलं, रेतीसारखं, अन् जी धार लागली बाप्पा! सरळ वसंतरावाईच्या शर्टावर, तठून मिशीवर. ते हालले नाई, पाय सोडले नाई, डोये मिटून उभे राहिले, अन् म्हने, होऊ द्या, होऊ द्या, सारं होऊ द्या. दारात उभे म्हशीवाले टाळ्या वाजवायले लागले. मी हासून बी राहिली अन् रडून बी राहिली, अन् डाक्टर पोट्टी बी हासे, हाताच्या उलट्या बाजूनं घाम पुसे.

मंग तीन दिवस रोज नेलं, सलाईन लावलं. पोत्यात गळ्यापर्यंत बांधून मुंडी बाहेर ठेवो, मंग नखं लागत नाई. ती म्हने, आजी, सुकट बंद, जे द्यान ते पान्यात कालवून द्या, पानी लय पाजा. मी म्हटलं बंद म्हंजे बंद. चवथ्या दिवशी घरी त्यानं आपल्या पायानं जाऊन अंगनात मातीत लघवी केली, अन् माती लोटली वरून. मी खातूनआपाले हाका मारून बोलावलं पाहायले. आपा म्हने, माशाल्ला, अन् शेजारच्या साऱ्या बाया बी आल्या, लग्नातल्यासारख्या.

त्या दिवशी मी एकटी बसून रडली ताई, हे कोनाले सांगितलं नाई. आमचे हे असेच गेले. पोटात दुखे, मी त्याईले एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत घेऊन गेली होती. काचेच्या दारातून आतली चकाचक फरशी पाह्यली अन् दोघंबी दाराबाहेरून परत आलो, आपल्यासारख्याईचं नाई हे. कोनाले विचारलं नाई. सरकारी दवाखान्यात नेलं तोवर पोटात आतडं फुटेल होतं, डाक्टर म्हने दोन दिवस आधी आनाचं होतं. मंग कळलं का त्या मोठ्या दवाखान्यात बी गरिबासाठी कारड चाले. फक्त विचाराचं होतं. विचारलं नाई मी. माह्या मानसाले मी शरमेपायी घालवलं, असंच मले वाटते, तुमी काही बी म्हना.

आता मी विचारतो. जिथं जाईन तिथं विचारतो, खिडकी असली का मुंडी घालतो. आपाच्या डोयाचं आपरेशन मी पुढं होऊन करून घेतलं, मिलमधल्या दोघीजनी माह्यासोबत गेल्या तं त्याईची पेन्शन लागली. मले लोक भांडकुदळ म्हनतात, म्हनू द्या. अन् हा पाहा, पडला कसा ऐटीत. वसंतराव येता जाता त्याच्या वाटीतलं पानी बदलतात, अन् वरून शिव्या देतात.

ती डाक्टर पोट्टी, तिची बदली होईन म्हनतात. जिथं जाईन तिथं तिच्या हाताले यश येवो, तिच्या टेबलावरून कोनी रडत घरी जाऊ नये. अन् ताई, तुमी लिहून राहिल्या तं एक लिहा. मी जिंदगीत लय जागी हारली, बापाच्या घरी हारली, काचेच्या दारापाशी हारली. पन या बोक्याच्या वक्ताले मी परत फिरली नाई. मी जिंकली. हे जरा मोठ्या अक्षरात लिहा.