दहा मिनिटं पुढे

नाही, मला एवढंच सांगा, अडीच तास गाडीत बसून, मोटरवेवर अडकून, पार्किंगसाठी गावाला तीन चकरा मारून जे घड्याळ बघायला गेलो त्याला तोंडच नाही, हे मला आधी कोणी सांगायला नको होतं? तोंड नाही म्हणजे डायल नाही, काटे नाहीत, आकडे नाहीत, नुसता लोखंडी सांगाडा... जुन्या खाटेचा सांगाडा कोणीतरी उभा करून ठेवावा, तसा. आणि त्याच्याभोवती माणसं हात मागे बांधून उभी, जसं काही दर्शनाला आलीत. मी अनयला म्हटलं, अनय म्हणजे आमचा मुलगा, मिल्टन कीन्सला आयटीत असतो, त्याला म्हटलं, अरे, यात वाजले किती ते कुठे बघायचं? तर म्हणतो, "बाबा, बघायचं नाही, ऐकायचं. धिस इज द होल पॉइंट."

ऐकायचं म्हणे. ऐकायचाच तर त्रास आहे ना मला.

थांबा, उलट्या बाजूने सांगतो. आमच्या घरात घड्याळ दहा मिनिटं पुढे. हे प्रमोदिनीचं काम. प्रमोदिनी म्हणजे आमची ही. लंडनमध्ये हॅरोला घर घेतलं तेव्हापासून, एकतीस वर्षं, स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे. का? तर उशीर होऊ नये म्हणून. आता मला सांगा, घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असलं की काय होतं? सगळे वजा करतात. हसताय म्हणजे तुमच्याकडेही आहेच. सात चाळीस दिसले की साडेसातच नाही का, अजून पाच मिनिटं लोळा... पाच नाही, दहा, पण लोळणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो. मी तिला एकदा विचारलंसुद्धा, अगं, सगळेच वजा करतात तर उपयोग काय? तर म्हणाली, "वजा करायला तरी घड्याळाकडे बघता ना." आणि लगेच कोट घालून, पर्स खांद्याला लावून दारात उभी. "अहो, निघायचं ना?"

एकतीस वर्षं हेच. लग्नाला जा, आम्ही पहिले, हॉलवाला खुर्च्या मांडतोय. विमानतळावर जा, काउंटर उघडलेलं नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला जा, यजमान टॉवेल गुंडाळून दार उघडतोय. "अहो, निघायचं ना?"

मागच्या ऑक्टोबरात ती गेली. त्यालाही घाईच केली म्हणायची.

तर ते घड्याळ ठेवलंय त्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चमध्ये... थंडी अशी, की बाहेर ऊन आणि आत दगडातून गारवा बुटात शिरतोय. दोन्ही बाजूंना थडगी, त्यांच्यावर दगडाची माणसं उताणी झोपलेली, हात जोडून, पायाशी दगडाचा कुत्रा. मधे हा सांगाडा. दोरांना दोन धोंडे लटकवलेले, वर एक आडवी दांडी, ती इकडे जाते, खट्ट... थांबते... तिकडे जाते, खट्ट. सेकंदाचा आवाज नाही हो तो. त्याहून सावकाश. शेवटच्या वर्षी प्रमोदिनी जिना उतरायची, तसा. एक पायरी... थांबायची... कठडा धरायची... एक पायरी. मी खाली सोफ्यावर बसून तो आवाज ऐकायचो आणि म्हणायचो, उतरतेय, आहे अजून वेळ.

मी तिथे उभा, पुढे सांगाडा, आजूबाजूला मेलेली माणसं, आणि माझ्या मागे जिना उतरल्याचा आवाज. आणि मग अगदी कानाशी, "अहो, निघायचं ना?"

मागे वळलो. कोणी नाही. एक दगडाचा बिशप, तोही झोपलेला. तुम्ही म्हणाल, वय झालं, भास होतात. होऊ देत ना. पण बाई, एवढं मोठं लंडन सोडून तू माझ्यामागे अडीच तास मोटरवेवर आलीस?

तेवढ्यात गाइडबाई सुरू झाल्या. गळ्यात हिरवा पट्टा, माझ्याच वयाच्या, आवाज गोड, आपण शाळेत मुलांना सांगतो तसं सांगतात, की बघा, सहाशे वर्षांपूर्वीच्या या घड्याळाला फक्त तास ठाऊक. तास झाला की घंटा, घंटा झाली की प्रार्थना. मिनिटं? मिनिटाचा काटा तेव्हा नव्हताच. आणि मग त्यांचा ठरलेला विनोद, रोज करत असणार, हात पसरून म्हणतात, "सो नोबडी वॉज एव्हर टेन मिनिट्स लेट!"

सगळे हसले. दोनच माणसं हसली नाहीत. एक मी. दुसरा अनय.

आता हे सांगायलाच लागेल. मागच्या ऑक्टोबरात प्रमोदिनी हॉस्पिटलमध्ये होती, अनय येऊन राहिला होता, आणि शेवटच्या रविवारी इथे सगळी घड्याळं तासाने मागे करतात. अनयने केली. ओव्हनचं, मायक्रोवेव्हचं, आणि खुर्चीवर चढून स्वयंपाकघरातलं. पण तो पडला इथे जन्मलेला मुलगा. त्याने घड्याळ मागे केलं आणि मोबाइल बघून बरोबर लावलं. एकदम बरोबर. आईची दहा मिनिटं काढून टाकली. मला बोलला नाही, यात बोलण्यासारखं काय आहे?

मंगळवारी, अनय कामावर परत गेलेला, भेटीची वेळ दोनची. घड्याळात एक वीस. मी काय केलं? वजा केली. एकतीस वर्षांची सवय आहे. एक दहा, बस एक पंचवीसची, म्हणून चहा टाकला. खिशात फोन होता, हो, होता, पण स्वयंपाकघरात उभं राहून फोनमध्ये वेळ कोण बघतं? बस गेली. पुढची पंधरा मिनिटांनी. वॉर्डमध्ये पोचलो सव्वादोनला. दोन पाचला ती गेली होती. नर्स भली होती, माझा हात धरून म्हणाली, "शी केप्ट आस्किंग द टाइम, लव्ह."

वेळ विचारत होती.

हे मी अनयला सांगितलं नाही. कसं सांगणार? पोरगं आयुष्यभर खुर्चीवर चढलेलंच राहील. वर्षभर ते घड्याळ मी तसंच ठेवलं, हात लावला नाही. मार्चमध्ये सगळा देश तासाने पुढे गेला, आमचं स्वयंपाकघर गेलं नाही.

आणि त्या सांगाड्यासमोर, गाइडबाई पुढच्या थडग्याकडे गेल्यावर, अनय माझ्याकडे न बघता म्हणतो, "बाबा, त्या दिवशी तुम्ही वजा केलं होतं ना?"

खट्ट... खट्ट.

"मी तो घड्याळ करेक्ट केला होता. मला वाटलं, तुम्हाला इझी होईल. मग फ्यूनरलच्या दिवशी आठवलं. वर्षभर विचारायचं होतं."

चाळिशीचा माणूस हो, दाढीत पांढरे केस, आणि ओठ असा धरलेला, लहानपणी कप फोडल्यावर धरायचा तसा. म्हणजे मी एकटाच नव्हतो. मिल्टन कीन्समध्येही कोणीतरी रात्रभर मिनिटं मोजत होतं.

मी म्हटलं, नाही रे. बस उशिरा आली.

देवाच्या घरात उभं राहून खोटं बोललो. आणि त्याच क्षणाला वर घंटा वाजली, ठण्ण, छातीत आली, अनयने माझा हात पकडला, की मी त्याचा, ते नीट आठवत नाही. त्याला पटलं का? माहीत नाही. "ओके," म्हणाला. इथल्या पोरांच्या ओकेमधून काही कळतं का तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी रविवार, ऑक्टोबरचा शेवटचा. देश तासाने मागे आला आणि आमचं घड्याळ काही न करता बरोबर झालं. अनय रात्री इथेच राहिला होता, मी खाली येतो तर हा खुर्चीवर. म्हटलं, उतर, बरोबर आहे ते. म्हणतो, "नाही बाबा." आणि काटा पुढे केला. दहा मिनिटं. मोजून. मग खुर्ची जागेवर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला.

तर असं आहे. घड्याळ परत दहा मिनिटं पुढे, आणि तुम्हाला सांगतो, मी आता वजा करत नाही. दिसतं ते खरं. रोज सगळं आटोपून, कोट घालून, बूट बांधून, दहा मिनिटं आधी दारात उभा असतो. आणि मागून जिन्यावर एक पायरी... थांबते... एक पायरी... आणि, "अहो, निघायचं ना?"

निघूया की बाई. तयारच आहे मी. आता कुठे जायचं, तेवढं तू सांग.